फोटोसाठी जवळपासची चांगली जागा नकाशावरून कशी शोधायची?

एखाद्या धबधब्याचं रील गाजलं की पुढच्या शनिवार-रविवारी तिथे गर्दी उसळते आणि सगळ्यांचे फोटो एकसारखेच येतात. खरं तर चांगल्या जागा अनेकदा घरापासून तासाभराच्या अंतरावरच असतात. पण आपण फक्त ‘कुठे जायचं?’ एवढंच शोधतो. फोटोच्या दृष्टीने जागा म्हणजे तीन गोष्टी असतात: ठिकाण, दिशा आणि वेळ. या तिन्ही गोष्टी मोफत साधनांवर घरबसल्या बऱ्याच अंशी तपासता येतात.

सुरुवात उपग्रह नकाशापासून

गूगल मॅप्सवर ‘सॅटेलाइट’ निवडा आणि आपल्या गावाभोवतीचा 20-25 किलोमीटरचा परिसर सावकाश पाहा. तलावाचा काठ, नदीचं वळण, जुना पूल, घाट, एकटं झाड असलेलं माळरान, टेकडीची सोंड अशा जागांवर खूण करून एक यादी साठवा. ‘टेरेन’ निवडल्यावर दिसणाऱ्या समोच्च रेषा जिथे एकमेकींना चिकटलेल्या असतात तिथे कडा किंवा तीव्र उतार असतो. गूगल अर्थमध्ये दृश्य तिरकं करून त्या जागेवरून समोर काय दिसेल याचा अंदाज घेता येतो.

शहरात असाल तर स्ट्रीट व्ह्यू पाहा. भारतात ही सोय 2022 मध्ये मुंबई, पुणे, नाशिकसह दहा शहरांपासून सुरू झाली. विजेच्या तारा, होर्डिंग आणि उड्डाणपुलाचे खांब नकाशावर दिसत नाहीत, ते इथे दिसतात.

सूर्य रोज एकाच जागी मावळत नाही

‘पश्चिमेला सूर्यास्त’ हे वर्षातले दोनच दिवस नेमकं खरं असतं: 21 मार्च आणि 23 सप्टेंबरच्या आसपास. महाराष्ट्रात जूनमध्ये सूर्य पश्चिमेच्या सुमारे 25 अंश उत्तरेला मावळतो, तर डिसेंबरमध्ये तेवढाच दक्षिणेला. म्हणजे वर्षभरात हा फरक 50 अंशांचा होतो. हात लांब करून धरलेल्या मुठीची रुंदी साधारण 10 अंश असते. अशा पाच मुठी क्षितिजावर मोजून पाहा, फरक केवढा मोठा आहे ते कळेल.

याचं सर्वांना माहीत असलेलं उदाहरण म्हणजे कोल्हापूरच्या अंबाबाई मंदिरातला किरणोत्सव. परंपरेने 9 ते 11 नोव्हेंबर आणि 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारी या दिवसांत मावळतीची किरणं गाभाऱ्यात मूर्तीपर्यंत पोहोचतात. वर्षातून दोनदा का? 21-22 डिसेंबरच्या सुमारे सहा आठवडे आधी आणि सहा आठवडे नंतर सूर्य क्षितिजावर त्याच ठिकाणी मावळतो म्हणून. हाच हिशेब तुमच्या गावच्या देवळाच्या शिखराला किंवा टेकडीलाही लागू पडतो. एखादी तारीख हुकली, तर वर्षात दुसरी संधी असते.

सनकॅल्क या संकेतस्थळावर जागा आणि तारीख टाकली की उगवती-मावळतीच्या रेषा नकाशावर उमटतात. फोटोपिल्ससारखी अॅप हेच फोनवर दाखवतात. एक लक्षात ठेवा: या रेषा सपाट क्षितिज धरून काढलेल्या असतात. समोर डोंगर असेल तर सूर्य आधीच दिसेनासा होतो. उत्तरेकडे तोंड असलेल्या कड्यावर हिवाळ्यात दिवसभर थेट ऊन पडत नाही. त्याचा फोटो हवा असेल तर उन्हाळ्यातली सकाळ किंवा संध्याकाळ गाठा.

पाण्याची वेळ

समुद्रकिनाऱ्यावर सूर्याइतकीच भरती-ओहोटी महत्त्वाची. कोकणातला जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. चतुर्थीला तीनच्या, तर अष्टमीला सहाच्या सुमारास भरती असते. अमावास्या-पौर्णिमेला भरती दुपारी अकरा-बाराच्या आसपास येते आणि सुमारे सहा तासांनी, म्हणजे सूर्यास्ताच्या सुमारास ओहोटी असते. उधाणाच्या या दिवसांत पाणी दूरवर ओसरतं आणि ओल्या वाळूत आकाशाचं प्रतिबिंब मिळतं. हा फक्त अंदाज आहे, नेमकी वेळ त्या दिवसाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात पाहा. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर ओहोटीत चालत जाता येतं, पण परतीची वेळ चुकली तर वाट पाण्याखाली जाते.

धरणांचंही तसंच. उजनीचं पाणी खूप खाली गेलं की पळसदेवचं जुनं मंदिर उघडं पडतं. अशा वेळी गूगलचं जुनं चित्र कामाचं नाही. कोपर्निकस ब्राउझरवर सेंटिनेल-2 उपग्रहाची ताजी चित्रं मोफत मिळतात, साधारण पाच दिवसांच्या अंतराने. त्यात 10 मीटरपर्यंतचाच तपशील दिसतो, पण पाण्याची कड ओळखायला तेवढा पुरतो.

नकाशा जे सांगत नाही

नकाशावरचं ‘सनसेट पॉइंट’ हे नाव अनेकदा कुणीतरी हौसेने टाकलेलं असतं. तिथे वाट असेलच असं नाही. जमीन खासगी आहे का, वनखात्याची आहे का, कड्याचा दगड ठिसूळ आहे का, हे गावात विचारल्याशिवाय कळत नाही. पावसाळ्यात धबधब्याच्या वरचा भाग नकाशावर जरूर पाहा. वरचं पाणलोट क्षेत्र मोठं असेल तर तुमच्याकडे ऊन असतानाही वर झालेल्या पावसाने काही मिनिटांत लोंढा येऊ शकतो. प्रवाहात उतरून फोटो काढू नका. शक्य असेल तर पहिली फेरी कॅमेऱ्याशिवाय, दुपारच्या उजेडात करा.

लोकेशन टाकावं का?

गावचा घाट किंवा चौक असेल तर बिनधास्त टाका. घरटं, दुर्मीळ फूल किंवा प्राण्याची गुहा असेल तर नेमकी जागा टाकू नका, तालुक्याचं नाव पुरे. ई-बर्डसारखं संकेतस्थळही संवेदनशील पक्ष्यांची नेमकी ठिकाणं लपवतं. कास पठारावर फुलं तुडवली जाऊ लागल्यावर रोजच्या पर्यटकांच्या संख्येवर मर्यादा आणावी लागली. तुम्ही शोधलेल्या छोट्या माळावर असा पहारा नसतो.

निघण्यापूर्वी तपासा

- विषय कोणत्या दिशेला आहे आणि त्या तारखेला ऊन कुठून येईल?
- मध्ये डोंगर, इमारत किंवा तारा आहेत का?
- हवामान आणि पाण्याची स्थिती काय?
- प्रवेश, परवानगी आणि अंधारात परतीची वाट?
- तिथे नेटवर्क नसेल तर नकाशा ऑफलाइन साठवला आहे का?

या पाचही प्रश्नांची उत्तरं मिळाली की निघा. एखादं उत्तर नाही मिळालं तर आज ती जागा फक्त पाहून या. सूर्य वर्षातून दुसऱ्यांदा तिथे येणारच आहे.