रंगजुळणीच्या खेळाची ‘कॅसेट’ : संग्राहकाचे मोल व इतिहासाचे मोल

जुन्या व्हिडिओ गेमांच्या संग्रहाला अलीकडे बाजारी प्रतिष्ठा लाभली आहे. परंतु संग्राहक जी वस्तू मोलाची मानतो ती इतिहासाभ्यासकालाही तितकीच मोलाची असते काय? प्रस्तुत लेखात रंगजुळणीच्या एका खेळाच्या आधारे आणि पालघर व बोईसर-तारापूर हा परिसर डोळ्यांपुढे ठेवून या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

‘कॉलम्स’ हा खेळ जे गीर्टसन यांनी संगणकासाठी रचला आणि १९९० मध्ये तो ‘सेगा’ या जपानी कंपनीने बाजारात आणला. तीन रत्नांचा उभा स्तंभ वरून खाली येतो. त्यांतील रत्नांचा क्रम फिरवून एकाच रंगाची किमान तीन रत्ने उभी, आडवी वा तिरपी एका ओळीत आणली की ती नाहीशी होतात. याच कंपनीने १९८९ मध्ये ‘मेगा ड्राइव्ह’ या यंत्रासाठी ‘टेट्रिस’ सिद्ध केला होता. परंतु हक्कांच्या वादामुळे तो रोखला गेला. त्याच्या ज्या मोजक्या प्रती उरल्या त्यांना संग्राहक फार मोठी किंमत देतात. उलट ‘कॉलम्स’ १९९१ मध्ये अमेरिकेत ‘गेम गिअर’ या हातात धरावयाच्या यंत्राबरोबरच दिला गेला. सबब त्याच्या प्रती मुबलक व किंमत बेताची. यावरून असे दिसते की, बाजारातील मोल दुर्मिळतेवर आणि मूळ खोके, माहितीपत्रक इत्यादी शाबूत असण्यावर ठरते. खेळ किती घरांत खेळला गेला, याचा त्या हिशेबात विचारच नाही.

आपल्याकडील परिस्थिती निराळी होती. ८० टक्के आयातशुल्क टाळण्यासाठी ‘सेगा’ने एप्रिल १९९४ मध्ये शॉ वॉलेस या कंपनीशी वितरणाचा करार केला, तरीही ‘मेगा ड्राइव्ह’ची किंमत १८,००० रुपये होती. मध्यमवर्गीय पगारदारास ती परवडणे अशक्यच होते. ही पोकळी ‘निन्टेन्डो’च्या ‘फॅमिकॉम’ यंत्राच्या स्वस्त नकलांनी भरून काढली. १९९० मध्ये तैवानमध्ये ‘कॉलम्स’वरून बेतलेला ‘मॅजिक ज्वेलरी’ हा विनापरवाना खेळ त्याच यंत्रासाठी निघाला होता, आणि अनेक खेळ एकत्र भरलेल्या नळकांड्यांतून नव्हे, तर चपट्या प्लॅस्टिकच्या डब्यांतून तो सर्वदूर पसरला. म्हणजे यंत्र नकली आणि त्यातील खेळही नकली. डब्यावर खेळांचा आकडा हजारोंनी छापलेला असे. प्रत्यक्षात थोडेच खेळ किरकोळ फेरफारांनी पुन:पुन्हा येत.

पाठचिकित्सेच्या अभ्यासकास ही अवस्था अपरिचित वाटू नये. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, कारण पाठ भ्रष्ट झाले होते. मूळ पाठाचा शोध घेणाऱ्याला भ्रष्ट प्रत गौण वाटते. पण ग्रंथ कोणत्या प्रदेशात व कोणत्या रूपाने वाचला गेला हे जाणू इच्छिणाऱ्याला तीच प्रत प्रथम दर्जाचा पुरावा असते. हाच न्याय येथे लागू करावयास हवा.

१९६९ मध्ये तारापूरचे अणुवीजकेंद्र सुरू झाले. पुढे औद्योगिक वसाहत वाढली आणि निरनिराळ्या प्रांतांतील पगारदार कुटुंबे बोईसर परिसरात स्थिरावली. अशा वस्तीतील करमणुकीचा इतिहास लिहिताना खोक्यातला अस्सल ‘कॉलम्स’ फारसा उपयोगी पडणार नाही. रद्दीत पडलेला नकली डबाच बोलका ठरेल. तो कोणत्या दूरदर्शनसंचाला जोडला जाई, हेही विचारले पाहिजे. कृष्णधवल संचावर रंग उरत नाहीत. तेव्हा रंगजुळणीचा हा खेळ तेथे आकाराच्या व छटेच्या जुळणीचा होतो. नियम न बदलता खेळ बदलल्याचे हे उदाहरण लक्षणीय आहे.

भाषेच्या अंगानेही हा पुरावा महत्त्वाचा आहे. या डब्यास सर्वत्र ‘कॅसेट’ म्हणत. त्यात फीत नाही, फिरणारे चाकही नाही. तरीही गाण्यांच्या कॅसेटप्रमाणे ती यंत्रात बसवावयाची व बदलावयाची वस्तू असल्याने कार्यसादृश्याने शब्दाचा अर्थ विस्तारला. हा विस्तार येथील वापरात रुळला, असे म्हणावयास हरकत नाही.

नकलेचा असा अभ्यास म्हणजे हक्कभंगाचे समर्थन, असा आक्षेप कोणी घेईल. परंतु नोंद घेणे म्हणजे मान्यता देणे नव्हे. बनावट दस्तऐवजांचाही इतिहासकार अभ्यास करतोच.

खरी अडचण वेगळीच आहे. ज्या वस्तूला बाजारात किंमत नाही ती कोणी जपत नाही. खाऱ्या हवेत तिचे धातूचे संपर्कबिंदू गंजतात आणि अखेर ती भंगारात जाते. दिनकर केळकर यांनी अडकित्ते, दिवे, भांडी अशा नित्य वापराच्या वस्तू जमविल्या म्हणूनच पुण्यात १९६२ मध्ये त्यांचे संग्रहालय उभे राहू शकले. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी पालघर-बोईसर पट्ट्यातील घरांतून या ‘कॅसेटीं’वरील मजकूर, पडद्यावरील खेळांची यादी, खरेदीचे ठिकाण व किंमत आणि खेळांना घरात पडलेली नावे टिपून घ्यावीत. ज्यांनी हे खेळ लहानपणी खेळले ते आज चाळिशीत आहेत. त्यांच्या आठवणी ताज्या आहेत तोवरच हे काम पार पाडणे इष्ट होय.