आर्णीहून नागपूरला : वकिली शिकायला निघालेल्यांची हकिकत



स्मरणिका समितीने मला लेख मागितला तेव्हा सोबत एक यादी पाठवली होती. आपल्या बॅचमधून कोण काय झाले त्याची. डॉक्टर, शिक्षक, एसटीत, बँकेत, पोलिसात, शेती, व्यापार असे रकाने होते. वकिलीच्या रकान्यात माझे एकट्याचे नाव. समितीचा निरोप असा की, शहरात जाऊन कॉलेज आणि लॉ कसे शिकलास ते लिही, थोडा इतिहासही येऊ दे.

यादी खोटी नाही, पण अपुरी आहे. जून 1984 मध्ये बारावी झाल्यावर आर्णीच्या स्टँडवरून वकील व्हायला दोघे जण निघालो होतो. दुसऱ्याची गोष्ट सांगितल्याशिवाय माझी पुरी होत नाही. त्याने नाव छापू नको म्हणून बजावले आहे. वर्गात तो माझ्याच बाकावर बसायचा, एवढे सांगितले तरी तुमच्यापैकी निम्मे जण ओळखतील.

आधी थोडा इतिहास. आपल्या जिल्ह्यातून वकिली शिकायला बाहेर पडणारे आपण काही पहिले नव्हतो. लोकनायक बापूजी अणे वणीचे. जन्म 1880 चा. नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकून ते 1902 साली बी.ए. झाले, पण पदवी मिळाली ती कलकत्ता विद्यापीठाची, कारण त्या काळी नागपूरची कॉलेजे कलकत्त्याला जोडलेली होती. 1904 नंतर ती अलाहाबादला जोडली गेली. म्हणजे वणीच्या मुलाने नागपुरात बसून अभ्यास करायचा आणि कागद यायचा बंगालमधून! पुढे कायदा शिकून अण्यांनी यवतमाळला वकिली सुरू केली. 10 जुलै 1930 रोजी पुसदला जंगल सत्याग्रह करून कायदा मोडणारेही हेच वकील.

नागपूरला स्वतःचे विद्यापीठ मिळाले ते 1923 साली. त्याच विद्यापीठाचे पदवीधर म्हणजे वसंतराव नाईक. पुसदजवळच्या गहुलीचे. प्राथमिक शाळेसाठी त्यांना एका गावाहून दुसऱ्या गावाला जावे लागले, हायस्कूल अमरावतीला झाले आणि मग मॉरिस कॉलेज. 1938 साली बी.ए. आणि 1940 साली एलएल.बी. वकिलीची सुरुवात त्यांनी अमरावतीला डॉ. पंजाबराव देशमुखांच्या हाताखाली केली आणि नंतर पुसदला आले. 1963 ते 1975 ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. मॉरिस कॉलेजचे पुढे नागपूर महाविद्यालय झाले आणि आता त्या संस्थेला वसंतराव नाईकांचेच नाव आहे. तरी नागपूरचा रिक्षावाला अजून 'मॉरिस कॉलेज टी-पॉइंट' असेच म्हणतो.

पंजाबराव स्वतः विलायतेला जाऊन बॅरिस्टर झालेले. परत आल्यावर त्यांनी संस्था काढल्या, त्यात अमरावतीचे श्रद्धानंद छात्रालयही होते. खेड्यातला मुलगा हुशारीत कमी पडत नाही, राहायला जागा आणि दोन वेळची भाकर नसली की गळतो, हे ते ओळखून होते. आमच्या वेळेलाही तेच खरे होते.

आमच्या घरच्यांना नागपूरच का हवे होते? कोर्टामुळे. 1936 साली नागपूरला हायकोर्ट झाले. 1956 साली विदर्भ मुंबई राज्यात आला, नागपूरची राजधानी गेली, पण मुंबई हायकोर्टाचे खंडपीठ मिळाले. 1983 साली अमरावती विद्यापीठ निघाले आणि आपला जिल्हा त्यात गेला, तरी जुनी माणसे म्हणायची, "वकील व्हायचं तर नागपूरलेच जाय." त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. मॉरिस कॉलेजचे विद्यार्थी आणि पुढे नागपूरच्या लॉ कॉलेजात शिकवणारे एम. हिदायतुल्ला 1968 साली देशाचे सरन्यायाधीश झाले होते. नंतर नागपूरचे शरद बोबडे 2019 साली आणि अमरावतीचे भूषण गवई 2025 साली त्या पदावर बसले. गवईंची शाळा नगरपालिकेची, मराठी. हे वाचले तेव्हा मला आपली शाळा आठवली.

आता आमची गोष्ट. आर्णी ते नागपूर एसटीने यवतमाळ, कळंब, वर्धा करत पाच-साडेपाच तास. गाडीच्या टपावर दोन ट्रंका, एक वळकटी आणि माझ्या बाकावरच्या सोबत्याची सायकल. सायकल त्याला मॅट्रिकला पास झाल्याबद्दल वडिलांनी घेऊन दिली होती. वसतिगृहाच्या यादीत आमची नावे लागली नाहीत, म्हणून एका म्हाताऱ्या बाईंच्या घरामागची खोली घेतली. भाडे महिना 100 रुपये, दोघांत पन्नास-पन्नास. एक खाट होती. एक आठवडा तो खाटेवर, एक आठवडा मी.

कॉलेजला दोघे एकाच सायकलवर जायचो. चढ आला की मागचा उतरायचा. खानावळीत रविवारी संध्याकाळी चूल बंद, तेव्हा घरून आलेला चिवडा आणि शेंगदाण्याची चटणी. हा डबा आर्णीहून एसटीच्या कंडक्टरच्या हाती यायचा. आम्ही गणेशपेठच्या स्टँडवर जाऊन गाडीची वाट पाहायचो. डब्यासोबत चिठ्ठी असायची आणि कंडक्टर तोंडी निरोपही सांगायचा : पाऊस झाला, कपाशी चांगली आहे, बाबा कंबलपोषच्या यात्रेला या. आमचे टेलिफोन खाते म्हणजे तो कंडक्टर.

31 ऑक्टोबर 1984 ला इंदिराजींच्या हत्येची बातमी आली. दुकाने पटापट बंद झाली, खानावळही. घरी कळवायला काही साधन नव्हते. त्या रात्री घरमालकीण बाईंनी आम्हाला आत बोलावून वरण-भात वाढला. तोवर त्या आमच्याशी भाड्यापुरत्याच बोलत. त्या रात्रीनंतर आमची नावे विचारून घेतली आणि मग नावानेच हाक मारू लागल्या.

शहराने आम्हाला छळले नाही, पण भाषेने छळले. "काहून" म्हटले की शहरातली पोरे हसायची. ते एक वेळ चालले. खरी भीती इंग्रजीची. आम्ही दोघांनी मिळून सीताबर्डीच्या फूटपाथवरून एक जुना शब्दकोश घेतला, आठ रुपयांना. रात्री तो शब्द विचारायचा, मी अर्थ सांगायचो, मग उलट. तो माझ्यापेक्षा पुढे होता. वाद घालायला तर तो शाळेपासूनच पुढे, सरांना ठाऊक आहे. वकिलीचा काळा कोट त्यालाच शोभला असता, असे मी तेव्हाही म्हणत असे.

1985 ची दिवाळी. आम्ही दुसऱ्या वर्षाला होतो. तो घरी गेला तो परत आला नोव्हेंबर संपताना, फक्त दोन दिवसांसाठी. वडिलांना लकवा झाला होता. घरात हाच थोरला, पाठीवर दोन बहिणी, शेतात कापूस वेचायचा राहिलेला. ट्रंक भरताना म्हणाला, "तू राह्य इथं. एकानं तरी पुरं कर." शब्दकोश खाटेवर ठेवला आणि गेला. मी त्याला थांब म्हणालो नाही. खरे सांगायचे तर, आता पूर्ण भाडे कुठून भरू, हाच विचार माझ्या डोक्यात होता.

डिसेंबरचे भाडे द्यायला गेलो तर बाईंनी पन्नासच घेतले. म्हणाल्या, त्याने त्याच्या वाट्याचे एप्रिलपर्यंतचे देऊन ठेवले आहे. पैसे कुठून आले ते मला अंगणात पाहिल्यावर कळले. सायकल नव्हती. ती विकून तो गेला होता. पाच महिन्यांचे अडीचशे रुपये. मी ते शिक्षण त्या पैशावर टिकवले, नाहीतर जानेवारीत मीही आर्णीच्या गाडीत बसलो असतो. हे मी आजवर कुणाला सांगितलेले नाही, त्यालाही नाही.

1987 ला मी लॉला गेलो. सकाळचे वर्ग, अर्धी मुले दिवसा नोकरी करणारी. शिकवणे इंग्रजीत. पहिले काही महिने मी फक्त लिहून घेत होतो, समजत काही नव्हते. एक दिवस सर सुविधाधिकाराचा 1882 चा कायदा शिकवत होते. दुसऱ्याच्या जमिनीतून वीस वर्षे उघडपणे, शांतपणे, हक्क म्हणून आणि खंड न पडता ये-जा केली, तर त्या वाटेचा हक्क मिळतो. एकदम डोळ्यांपुढे आपली पांदण आली. अरे, हे तर आपले धुऱ्याचे भांडण! आबाजी आणि शेजारी ज्यावरून वर्षानुवर्षे बोलत नव्हते, तेच हे. त्या दिवसापासून मी प्रत्येक कलमाला आर्णीतले एक माणूस किंवा एक शेत जोडायला लागलो. करार म्हटले की कापसाचा सौदा, साक्षीपुरावा म्हटले की चावडीतली पंचायत. वर्गातल्या शहरी मुलांना हे पाठ करावे लागत होते, मला फक्त आठवावे लागत होते. आपल्या शाळेतल्या मुलांना मला एवढेच सांगायचे आहे की, गावाकडून जाताना आपण रिकाम्या हाताने जात नाही.

1990 ला एलएल.बी. झालो, सनद मिळाली आणि यवतमाळला वकिली सुरू केली. काही वर्षांनी माझा बाकावरचा सोबती माझ्या ऑफिसात आला, पक्षकार म्हणून. शेताकडे जायचा रस्ता शेजाऱ्याने अडवला होता. जमीन महसूल अधिनियमाच्या 143 कलमाखाली तहसीलदारांकडे अर्ज केला. तहसीलदार जागेची पाहणी करायला आले तेव्हा मी फाइल उघडेपर्यंत त्याने नकाशा धुऱ्यावर पसरून गट नंबर, जुनी वहिवाट, दुसरा रस्ता का नाही, सगळे क्रमाने सांगितले. मला बोलायला फार काही उरले नाही. रस्ता मोकळा झाला. परत येताना मी सायकलचा विषय काढायचा प्रयत्न केला. म्हणाला, "जाऊ दे ना बाप्पा, जुनं काहून उकरतं?" मी गप्प बसलो.

आणखी एक गोष्ट लिहायला हवी. भारतात बायकांना वकिली करता यावी म्हणून 1923 साली कायदा झाला. नागपूर विद्यापीठही त्याच वर्षीचे. म्हणजे आम्ही निघालो तेव्हा त्या दाराला उघडून साठ वर्षे झाली होती. तरी आपल्या वर्गातली एकही मुलगी नागपूरच्या गाडीत बसली नाही. पहिला नंबर मुलीचाच होता, हे सगळ्यांना आठवत असेल. तिला खोली कोण देणार, सोबत कोण राहणार, या दोन प्रश्नांवर तिचे शिक्षण थांबले.

आज चित्र पुष्कळ बदलले. कायद्याचे शिक्षण यवतमाळ आणि अमरावतीतही मिळते. बारावीनंतर पाच वर्षांचा अभ्यासक्रम आहे, प्रवेशाला सीईटी आहे, नागपूरला राष्ट्रीय विधी विद्यापीठ झाले. मी ज्यावर शिकलो ती भारतीय दंड संहिता 1 जुलै 2024 पासून गेली आणि भारतीय न्याय संहिता आली, म्हणजे या वयात मीही पुन्हा विद्यार्थी झालो. राहण्या-जेवण्यासाठी स्वाधार योजना आहे, पंजाबराव देशमुखांच्या नावाची वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. माझ्याकडे ज्युनिअर म्हणून येणाऱ्यांत आता मुली मुलांच्या बरोबरीने आहेत. पण दरवर्षी एखादा फोन येतोच : "सर, पोरगं परत आलं. खोलीचं जमलं नाही." अर्ज वेळेत भरला नाही, पैसे उशिरा आले, विचारायला कुणी नव्हते. अंतर कमी झाले, पण परतीच्या गाड्या अजून चालू आहेत.

म्हणून समितीला माझी विनंती आहे. यादीत पदवीधरांची नावे आहेत ती राहू द्या. पण जे शिकायला निघाले आणि अर्ध्यातून घरासाठी परतले, त्यांचाही एक रकाना करा. नाव द्यायचे की नाही ते त्यांनी ठरवावे. आणि यंदा आपल्या शाळेतून जो कुणी बाहेर शिकायला जाईल, त्याला माझा नंबर द्या. अर्ज भरण्यापासून खोली शोधण्यापर्यंत जे लागेल ते मी पाहीन. ज्यांची नागपूर, अमरावती, पुण्यात घरे आहेत, त्यांनीही आपले नंबर समितीकडे द्यावेत.

माझ्या मित्रा, स्नेहमेळाव्यात तू नेहमीप्रमाणे मागच्या रांगेत बसशील. ही स्मरणिका हातात पडली की हे पान वाचशील आणि रागावशील. रागाव. अडीचशे रुपये मी परत देणार नाही, ते फिटण्यातले नाहीत. पण ते कुणाचे होते, हे आता आपल्या वर्गाला कळले पाहिजे. शब्दकोश अजून माझ्या ऑफिसच्या कपाटात आहे. पुठ्ठा गेला आहे, पाने शाबूत आहेत. तुझी धाकटी यंदा बारावीला आहे असे ऐकले. तिला लॉला जायचे असेल, तर तो घेऊन जायला तिला पाठव.