वेग आणि वर्दळ : एका सरळ रेषेचा इतिहास

गाड्या जितक्या जलद धांवतील तितक्या अधिक गाड्या रस्त्यावरून जातील, हा समज सकृद्दर्शनीं निर्विवाद वाटतो. परंतु वेग वाढला कीं दोन गाड्यांमधील अंतरहि वाढवावें लागतें, आणि येथेंच हिशेब फिरतो. तो प्रत्यक्ष मोजमापावरून मांडण्याचें श्रेय ब्रूस ग्रीनशील्ड्स या अमेरिकन अभियंत्यास दिलें जातें.

१९३३ च्या सुमारास ओहायो राज्यांत त्यानें रस्त्याच्या कडेला चलच्चित्राचा कॅमेरा उभा केला. लागोपाठच्या दोन चित्रांत गाडी किती सरकली, यावरून वेग निघे. १९३५ सालीं प्रसिद्ध झालेल्या निबंधांत त्यानें वेग आणि दाटी यांना एका सरळ रेषेनें जोडलें : दाटी वाढावी तसा वेग त्याच प्रमाणांत उतरावा.

आतां तासाला जाणाऱ्या गाड्या म्हणजे वेग गुणिलें दाटी. समजा, एकपदरी मोकळ्या रस्त्यावर वेग ताशी ८० किलोमीटर आहे, आणि किलोमीटरमध्यें १२० गाड्या दाटल्या कीं सर्वच ठप्प होतें. मग ६० च्या वेगाला दाटी ३०, म्हणून तासाला गाड्या १८००. ४० च्या वेगाला दाटी ६०, म्हणून २४००, हा कळस. परंतु २० च्या वेगाला दाटी ९०, म्हणजे पुन्हा १८००च ! निव्वळ गाड्या मोजीत बसलेल्या शिपायास रस्ता सुखानें वाहतो आहे कीं गुदमरला आहे, हें कळावयाचें नाहीं.

१९५५ सालीं लाइटहिल व व्हिटम या गणितज्ञांनीं नदीच्या पुराचें गणित या प्रश्नास लाविलें, आणि कोंडीची लाट गाड्यांच्या उलट दिशेस कशी सरकते तें दाखविलें.

गोम अशी कीं, ग्रीनशील्ड्सच्या रेषेस आधार अवघ्या सात बिंदूंचा होता. त्यांतले सहा विरळ वाहतुकीचे, आणि दाट वाहतुकीचा एकुलता एक बिंदु दुसऱ्याच रस्त्यावरचा ! पुढें द्रुतगति मार्गांवर भरपूर मोजमापें झालीं, तेव्हां गाड्या वाढल्या तरी वेग बराच वेळ टिकून राहतो व क्षमतेच्या अगदीं जवळ आल्यावर ढळतो, असें आढळलें. अमेरिकेच्या महामार्ग-क्षमता पुस्तिकेनें १९९० नंतरच्या आवृत्त्यांत हें रूप स्वीकारलें. शाळेंत शिकविण्यास मात्र ती सरळ रेषाच सोयीची पडते.

१९९५ सालीं लंडनभोंवतालच्या एम-२५ मार्गावर, गर्दी वाढतांच वेगमर्यादा उतरविणाऱ्या पाट्या लागल्या. घाईंतल्या मोटारवाल्यास त्या जाचक वाटाव्यात हें साहजिकच. त्यांचा हेतु मात्र त्याची गाडी त्या दुसऱ्या, गुदमरलेल्या १८०० मध्यें सांपडूं नये हा होता.