सोसायटीच्या कपाटातला करार

आमच्या सोसायटीचे लोखंडी कपाट जिन्याखालच्या खोलीत असते आणि त्याची किल्ली सचिवांकडे. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी वर्गणी भरून दोन वर्षे झाली होती, तरी २०१७ च्या पावसाळ्यात वरच्या मजल्यावर बादल्या मांडाव्या लागल्या. ठेकेदाराने किती वर्षांची हमी दिली होती, एवढेच मला करारात पाहायचे होते. सचिव म्हणाले, "ऑडिट झालंय ना साहेब, मग तुम्हाला आणखी काय बघायचंय?"

हे उत्तर त्यांचे नव्हते, शंभर वर्षांपूर्वीचे होते. पण ते मला पुढे जुने कायदे चाळताना कळले.

मुंबईत गावदेवीला सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी उभी राहिली ती १९१५ साली, श्रीपाद सुब्राव तालमकींच्या खटपटीतून. तेव्हा लागू होता १९१२ चा सहकारी संस्था कायदा. त्याच्या सोळाव्या कलमानुसार संस्थेने कायदा, नियम आणि उपविधी यांची प्रत विनामूल्य पाहायला ठेवायची. हिशेबवहीचा त्या कलमात उल्लेख नाही. हिशेब वर्षातून एकदा निबंधकाने तपासायचे किंवा तपासून घ्यायचे. म्हणजे सरकार बघते आहे, सभासदाने निश्चिंत असावे! इंग्लंडमध्ये १८४४ साली रॉचडेलच्या विणकरांनी सुरू केलेल्या दुकानात मात्र सभासदांपुढे वेळोवेळी ताळेबंद मांडण्याची रीत होती. आपल्याकडे सहकार आला तो सरकारी कायद्याच्या मार्गाने, आणि देखरेखीची सवयही त्याच मार्गाने आली.

मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. महाराष्ट्राचा १९६० चा सहकारी संस्था कायदा २६ जानेवारी १९६२ पासून अमलात आला आणि त्याच्या बत्तिसाव्या कलमाने कपाटाचे दार बरेच उघडले. शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद, नफातोटा पत्रक, समितीची यादी, सभासद नोंदवही, सर्वसाधारण सभेचे आणि समितीच्या सभांचे इतिवृत्त हे सगळे सभासद विनामूल्य पाहू शकतो. लेखी अर्ज करून आणि शुल्क भरून प्रतीही मागू शकतो. शिवाय संस्थेशी झालेल्या त्याच्या स्वतःच्या व्यवहारांची नोंद असलेले दप्तर. ठेकेदाराशी झालेला करार या यादीत नावाने कुठेच नाही. माझ्या वर्गणीतून दिलेले पैसे हा माझा व्यवहार की संस्थेचा? सारा वाद या एका शब्दावर अडतो.

आमच्या शहरात हा प्रश्न उशिरा आला, त्यालाही कारण आहे. माझ्या लहानपणी औरंगाबादेत सोसायटी म्हटले की प्लॉट आणि बैठी घरे डोळ्यांपुढे येत. १९६१ च्या नियमांत गृहनिर्माण संस्थांचे प्रकार पाडले आहेत. भाडेकरू-मालकी प्रकारात जमीन संस्थेची असते, घर सभासदाचे. तिथे गवंड्याशी बोलणी मालकच करतो, कागदही त्याच्याच ट्रंकेत राहतो. भाडेकरू-सहभागीदारी प्रकारात जमीन आणि इमारत दोन्ही संस्थेची. माणसे फ्लॅटमध्ये गेली, गच्ची सामाईक झाली आणि करार ट्रंकेतून सचिवांच्या कपाटात गेला.

करार पहिल्यांदा ठळकपणे उजेडात आला तो पुनर्विकासामुळे. समित्या सभासदांना विश्वासात घेत नाहीत, निविदांमध्ये पारदर्शकता नाही, अशा तक्रारींवरून ३ जानेवारी २००९ रोजी शासनाने कलम ७९-अ खाली निर्देश काढले. आलेल्या निविदांची यादी सूचना फलकावर लावायची, त्या उपस्थित सभासदांसमोर उघडायच्या, सभेचे चित्रीकरण करायचे. पण हे सारे इमारत पाडून नवी बांधायची असेल तर. गच्ची गळत असेल तर नाही. मला हे अजूनही विचित्र वाटते.

माहिती अधिकाराचा रस्ताही सरळ नाही. ऑक्टोबर २०१३ मध्ये थलप्पलम सहकारी बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की सहकारी संस्था सहसा या कायद्याखालचे सार्वजनिक प्राधिकरण ठरत नाहीत. मात्र जी माहिती निबंधक कायद्याने संस्थेकडून मिळवू शकतो, ती त्याच्याकडे मागता येते.

एवढे वाचल्यावर मी करार मागणे सोडले. ज्या सभेत काम मंजूर झाले, तिच्या इतिवृत्ताची प्रत लेखी मागितली आणि शुल्क भरले. त्याला नकार देता येईना. प्रत मिळाली. त्यात ठेकेदाराचा दर होता, रक्कम होती, आणि शेवटी एक ओळ: हमीची मुदत ठेकेदाराशी चर्चा करून ठरवावी.

ती प्रत घेऊन सचिवांकडे गेलो. त्यांनी ओळ दोनदा वाचली आणि काही न बोलता कपाट उघडले. करार एका पानाचा होता. हमीच्या पुढची जागा कोरी होती.