‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ ऊर्फ ‘लॉयल्टी’ : एका आगबोटीची मालकी-परंपरा

शिंदे घराण्याचा इतिहास म्हटला कीं अभ्यासकांची दृष्टि कण्हेरखेड, उज्जयिनी, ग्वाल्हेर या भूमार्गावरच खिळते. परंतु या घराण्याचें नांव एका समुद्रगामी कंपनीस कसें लाभलें, याचा धागा इंग्लंडांतील बॅरो बंदरापर्यंत जातो. सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचें पहिलें जहाज ‘लॉयल्टी’ हें हिंदी नौकानयनाचा आरंभ होय, असें सांगण्यांत येतें. तें विधान कितपत ग्राह्य मानावें, हें ठरविण्यापूर्वीं त्या जहाजाची पूर्वपीठिका पाहणें अवश्य आहे.

ता. ३० ऑगस्ट १८९० रोजीं हें जहाज बॅरो-इन-फर्नेस येथें पाण्यांत सोडण्यांत आलें. मालक कॅनेडियन पॅसिफिक रेल्वे कंपनी. नांव ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’. भार ५,९०५ टन. वेग सुमारें १६ नॉट. ‘एम्प्रेस ऑफ जपान’ व ‘एम्प्रेस ऑफ चायना’ हीं त्याचीं भावंडें. व्हँकुव्हर येथें संपणाऱ्या लोहमार्गास पुढें योकोहामा, शांघाय व हाँगकाँगशीं जोडावें, हा कंपनीचा हेतु होता. १८९१ च्या फेब्रुवारींत लिव्हरपूलहून निघून, सुवेजच्या कालव्यानें, तें एप्रिल अखेरीस व्हँकुव्हरास पोहोंचलें. त्या पहिल्या सफरीसाठीं कंपनीनें पृथ्वीप्रदक्षिणेचीं तिकिटें विकलीं होतीं.

१८९३ च्या जुलैंत स्वामी विवेकानंद योकोहामाहून याच जहाजानें व्हँकुव्हरास गेले. जमशेटजी टाटा यांनीं २३ नोव्हेंबर १८९८ रोजीं स्वामींस लिहिलेल्या पत्रांत जपान ते शिकागो या प्रवासांतील सहवासाचें स्मरण दिलें आहे. त्यावरून तेहि याच जहाजावर असावेत. जमशेटजी त्या वर्षीं जपानांत गेले होते ते पी. अँड ओ. कंपनीच्या भारी नूराविरुद्ध निप्पॉन यूसेन कैशाचें साह्य मिळविण्यासाठीं. पुढें जें जहाज हिंदी कंपनीचें व्हावयाचें होतें, त्यावर हिंदी वाहतुकीचा पहिला झुंजार पुरस्कर्ता उतारू म्हणून बसला होता, हा योगायोग नमूद करण्याजोगा आहे.

१८९१ पासून तेवीस वर्षें पॅसिफिकची चाकरी केल्यावर, डिसेंबर १९१४ मध्यें हें जहाज माधवराव शिंदे यांनीं विकत घेतलें. १९१५ च्या जानेवारींत त्यास ‘लॉयल्टी’, म्हणजे ‘राजनिष्ठा’, हें नांव मिळालें व महायुद्धांतील हिंदी जखमी सैनिकांकरितां तें इस्पितळ-जहाज झालें. येथें एक घोटाळा टाळावा. १९०० सालीं चीनच्या मोहिमेंत माधवरावांनीं जें इस्पितळ-जहाज दिलें, त्याचें नांव ‘ग्वाल्हेर’, तें निराळें.

युद्ध संपल्यावर १९१९ च्या मार्चांत जहाजानें पुन्हा धनी बदलला. सोलापूरचे वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद व लल्लुभाई सामळदास यांनीं ता. २७ मार्च रोजीं कंपनी स्थापिली. जहाज शिंदे सरकारांकडून आलें. त्यावरूनच कंपनीस ‘सिंधिया’ हें नांव पडलें. ता. ५ एप्रिल १९१९ रोजीं ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनकडे निघालें. १९६४ पासून हीच तिथि राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळली जाते.

तथापि ‘पहिलें’ हें विशेषण जपून वापरावें. चिदंबरम् पिळ्ळे यांची स्वदेशी कंपनी १९०६ सालीं स्थापन झाली व तिच्या आगबोटी तुतिकोरीन ते कोलंबो अशा चालल्या. म्हणून ‘लॉयल्टी’चें श्रेय हिंदी मालकीच्या आरंभाचें नसून, युरोपपर्यंतच्या दूरच्या मार्गावर हिंदी कंपनीनें इंग्रजी मक्तेदारीस दिलेल्या आव्हानाचें आहे. ‘राजनिष्ठा’ नांवाच्या जहाजानें तें द्यावें, यांत काळाचा विनोद आहे.

जहाज मात्र जुनें झालें होतें. १९२३ सालीं तें मोडीत निघालें व मुंबईसच तोडलें गेलें. कंपनी पुढें टिकली आणि १९४८ सालीं तिच्या विशाखापट्टणम् येथील गोदींतून ‘जलउषा’ बाहेर पडली.

जहाज नाहींसें झालें तरी त्याचे कागद विखुरलेले असणें संभवनीय आहे. शिंदे दफ्तरांतील खरेदीचे हिशेब, कंपनीचे जुने भागपत्र, इस्पितळ-जहाजावरून घरीं धाडलेलीं पत्रें, हीं केवळ मुंबईंतच शोधावयाचीं नाहींत. हिंगोलीसारख्या, एके काळीं कंटिंजंट फौजेची छावणी असलेल्या, समुद्रापासून दूरच्या गांवींहि शिपाईपेशाच्या घराण्यांच्या पेट्यांत असा एखादा कागद निघूं शकेल. त्यावर ‘लॉयल्टी’ हें नांव दिसल्यास संग्राहकांनीं तो किरकोळ समजून रद्दींत टाकूं नये; त्याची नक्कल मंडळाकडे अवश्य पाठवावी.