अंजनेरी : गर्दी आणि संवर्धन

नाशिक-त्र्यंबकेश्वर रस्त्यालगतचा, सुमारे १,२८० मीटर उंचीचा डोंगर. हनुमानाचे जन्मस्थान अशी श्रद्धा असल्याने हनुमान जयंतीला भाविकांची, तर पावसाळ्यात पर्यटकांची येथे रीघ लागते. वाटेत जैन लेणी, पठारावर अंजनीमातेचे मंदिर व तळे आहे.

पठाराचे खरे वैभव मात्र बोटाएवढ्या फुलात आहे. 'सेरोपेजिया अंजनेरिका' या कंदीलपुष्पाची शास्त्रीय नोंद २००६ मध्ये झाली आणि डोंगराचेच नाव त्याला मिळाले. कंदीलपुष्पाच्या नळीत शिरलेली माशी आतल्या केसांमुळे अडकते. केस कोमेजले की परागकण घेऊन सुटते. फुलण्याचा काळ आणि गर्दीचा हंगाम एकच, पावसाळ्याचा. मळलेली वाट सोडून गवतात टाकलेले एक पाऊलही कंद चिरडू शकते. कड्यांवर भारतीय गिधाडे घरटी करतात. हिवाळ्यातील विणीच्या काळात त्यांना शांतता लागते.

२०१७ मध्ये अंजनेरी संवर्धन राखीव क्षेत्र घोषित झाले. वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अशा क्षेत्राच्या सल्लागार समितीत ग्रामपंचायतीचे प्रतिनिधीही असतात. हे महत्त्वाचे, कारण गर्दीचा भार आणि रोजगार दोन्ही पायथ्याच्या गावाच्याच वाट्याला येतात.

पुढे माथ्यापर्यंत रस्ता व रोपवेचे प्रस्ताव आले. निसर्गप्रेमींनी त्यांना विरोध केला. तो रास्तच होता: चढणीचे श्रम हेच या पठाराचे जुने कुंपण आहे. येणाऱ्याने मळलेली वाट सोडू नये, फूल तोडू नये आणि आपला कचरा आपणच खाली आणावा.