फाइल एक्स्प्लोरर उघडताच बंद पडतंय? फॉरमॅट मारण्याआधी हे करून पाहा

मुलीच्या शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायचा शेवटचा दिवस. पिवळ्या फोल्डरवर क्लिक केलं की खिडकी क्षणभर दिसते आणि गायब होते. दाखले, मार्कशीट, निकाहनामा, सातबारा, सगळं त्यातच! कराडपासून सांगली-मिरजेपर्यंत कृष्णाकाठच्या अनेक घरांत २०१९ आणि २०२१ च्या महापुरात कागद भिजले. अशा घरात स्कॅन केलेली प्रत हाच आधार असतो.

पण घाबरू नका. फाइल एक्स्प्लोरर हा फाइल फक्त दाखवणारा प्रोग्राम आहे. कपाटाचं दार अडकलं तरी आतलं सामान जागेवरच असतं. विंडोज १० आणि ११ साठी पुढच्या पायऱ्या क्रमाने करा.

१. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. यादीत ‘विंडोज एक्स्प्लोरर’ निवडून ‘रीस्टार्ट’ करा. बऱ्याचदा एवढ्यानेच काम होतं.

२. तरी बंद पडत असेल तर जुन्या फाइलींची यादी बिघडली असू शकते. कंट्रोल पॅनेलमध्ये ‘फाइल एक्स्प्लोरर ऑप्शन्स’ उघडा. ‘जनरल’मध्ये ‘प्रायव्हसी’खाली ‘क्लिअर’ दाबा. यात फक्त यादी पुसली जाते, फाइल नाही.

३. ठराविक फोल्डर उघडल्यावरच बंद पडतं का? मग आतला एखादा फोटो किंवा व्हिडिओ खराब असेल आणि त्याचं छोटं चित्र बनवताना प्रोग्राम कोसळत असेल. त्याच ऑप्शन्सच्या ‘व्ह्यू’मध्ये ‘ऑलवेज शो आयकॉन्स, नेव्हर थंबनेल्स’ला टिक करा.

४. कंट्रोल, ऑल्ट, डिलीट दाबा. कोपऱ्यातल्या पॉवरच्या चिन्हावर जाऊन शिफ्ट दाबून ठेवत ‘रीस्टार्ट’ करा. ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज असं जाऊन परत रीस्टार्ट करा आणि ४ दाबा. हा सेफ मोड. नव्या लॅपटॉपवर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली तर ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात मिळू शकते. सेफ मोडमध्ये एक्स्प्लोरर नीट चाललं तर दोष बाहेरून टाकलेल्या एखाद्या सॉफ्टवेअरचा असण्याची शक्यता जास्त. आधी महत्त्वाची कागदपत्रं पेनड्राइव्हवर घ्या, मग नुकतंच टाकलेलं सॉफ्टवेअर काढून पाहा.

५. काम चालू असताना लाइट गेली की विंडोजच्या स्वतःच्या फाइलीही बिघडू शकतात. कमांड प्रॉम्प्ट ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ने उघडा. इंग्रजीत एसएफसी, मोकळी जागा, तिरकी रेघ आणि लगेच जोडून स्कॅननाऊ असं टाइप करून एंटर मारा. तपासणी पूर्ण होईपर्यंत मशीन बंद करू नका.

हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर मात्र यातलं काहीच करू नका. मशीन बंद करा आणि डेटा काढून देणाऱ्या जाणकाराकडे न्या. चालू ठेवाल तेवढं नुकसान वाढेल.

दुकानात मशीन देताना ‘डेटा ठेवूनच दुरुस्त करा’ असं स्पष्ट सांगा. कॉपी हातात आल्याशिवाय फॉरमॅटला होकार देऊ नका. विंडोज १० ला मिळणारा मोफत नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, हेही लक्षात असू द्या.

आणि मशीन आज ठीक असेल तर आजच एक काम उरका. घरातल्या सगळ्या दाखल्यांची एक प्रत पेनड्राइव्हवर घ्या, आणि तो दुसऱ्या गावच्या नातेवाइकांकडे ठेवा.